पुढे कलणारे आसन : ए. सी. मांडाल यांच्या संकल्पनेची चिकित्सा

बीजशब्द : आसनरचना, कलते आसन, कमरेचा बाक, शालेय बाक, अर्गोनॉमिक्स

१. प्रास्ताविक

"नीट बस, पोक काढू नकोस" हे वाक्य मराठी घरांत आणि वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे. वाकून बसणे हा बसणाऱ्याचा दोष आहे, तो आळसातून किंवा शिस्तीच्या अभावातून निर्माण होतो आणि इच्छाशक्तीने तो दूर करता येतो, असे हे गृहीतक आहे. ज्या बाकावर किंवा खुर्चीवर मूल बसलेले असते, त्या वस्तूकडे मात्र संशयाने पाहिले जात नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गृहीतकाला ज्यांनी ठामपणे आव्हान दिले, त्यांमध्ये कोपनहेगन येथील फिन्सेन संस्थेतील शल्यचिकित्सक ए. सी. मांडाल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. 'कलत्या बैठकीची कामाची खुर्ची' या विषयावरील त्यांचा निबंध 'अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८१ मध्ये 'अप्लाइड अर्गोनॉमिक्स'मध्ये 'बसलेला माणूस' या शीर्षकाखाली त्यांनी आपली भूमिका अधिक विस्ताराने मांडली. दोष पाठीचा नसून बैठकीचा आहे आणि बैठक पुढच्या बाजूला उतरती करता आली तर पाठ आपोआप सावरते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा शारीरिक आधार, तिच्यातून उद्भवणारे रचनेचे प्रश्न, तिच्या बाजूचा व विरोधातील पुरावा आणि आपल्याकडील बैठकीच्या परंपरेशी तिचे असलेले नाते यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. काटकोनाचा आदर्श

गुडघ्यात काटकोन, खुब्यात काटकोन आणि पाठ ताठ, हे 'योग्य' बैठकीचे चित्र शालेय तक्त्यांतून आणि आरोग्यपुस्तकांतून सर्वपरिचित आहे. या चित्राचे मूळ मांडाल हे जर्मन अस्थिरोगतज्ज्ञ फ्रान्झ श्टाफेल यांच्या १८८४ मधील विवेचनापर्यंत नेतात. श्टाफेल यांचा हेतू शाळकरी मुलांच्या पाठीला कमरेपाशी आधार देण्याचा होता आणि तो स्तुत्यच होता. परंतु त्यातून रूढ झालेल्या काटकोनी आकृतीला शरीररचनेपेक्षा शिस्तीच्या कल्पनेचे पाठबळ अधिक होते, हा मांडाल यांचा आक्षेप आहे.

या आक्षेपाला क्ष-किरण अभ्यासांचा आधार आहे. जर्मन संशोधक हान्स शोबर्ट यांनी १९६२ मध्ये असे दाखवले, की उभा माणूस खाली बसतो तेव्हा मांडी व धड यांच्यातील ९० अंशांचा फरक एकट्या खुब्यात घडत नाही. खुब्याचा सांधा सुमारे ६० अंश वळतो आणि उरलेले सुमारे ३० अंश श्रोणी मागे कलंडल्यामुळे, म्हणजेच कमरेचा नैसर्गिक बाक सपाट झाल्यामुळे भरून निघतात. काटकोनात बसलेल्या माणसाची कंबर सपाट होणे हा अशा प्रकारे शरीराच्या ठेवणीचाच भाग ठरतो. त्यानंतर मेजावर लिहिण्यासाठी वाकावे लागले की हा बाक उलट दिशेने जातो.

त्यापूर्वीच १९५३ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी कुशीवर झोपलेल्या व्यक्तींच्या क्ष-किरण चित्रांवरून असे निरीक्षण नोंदवले होते, की मांडी व धड यांच्यात सुमारे १३५ अंशांचा कोन असताना मांडीच्या पुढील व मागील स्नायूंचा ताण समतोल असतो आणि कमरेचा बाक आपल्या सहज स्थितीत राहतो. घोडेस्वाराच्या बैठकीत हाच कोन जवळपास साधला जातो. खोगिरावर बसलेल्या स्वाराच्या मांड्या खाली उतरत्या असतात आणि पाठीमागे टेका नसतानाही त्याची पाठ सरळ राहते. मांडाल यांनी या उदाहरणाचा वारंवार उपयोग केला आहे.

३. मांडाल यांची मांडणी

मांडाल यांच्या विवेचनाचे वैशिष्ट्य असे, की ते केवळ क्ष-किरण चित्रांवर थांबत नाही. परीक्षेला बसलेल्या डॅनिश विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्याने घेतली. लिहिताना एकही मूल पाठीच्या टेक्याचा उपयोग करत नाही, सगळी पुढे वाकतात आणि अनेक मुले खुर्ची पुढच्या दोन पायांवर उचलून धरतात, असे त्यांत दिसून आले. शिक्षकाच्या दृष्टीने खुर्ची अशी डोलवणे हा खोडकरपणा असतो. मांडाल यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. मूल खुर्ची पुढे कलवते तेव्हा ते नकळत आपल्या खुब्यातील कोन मोठा करून कमरेवरचा ताण कमी करत असते. दोष म्हणून नोंदवल्या जाणाऱ्या वर्तनातून गरज ओळखणे हे मांडाल यांच्या विचाराचे मोठे बलस्थान आहे.

या निरीक्षणातून त्यांनी तीन गोष्टी सुचवल्या. बैठक पुढे सुमारे १५ अंशांपर्यंत उतरती होऊ शकावी. मेजाचा पृष्ठभाग वाचणाऱ्याच्या दिशेने उतरता असावा. मेज व खुर्ची या दोन्हींची उंची प्रचलित मापांपेक्षा अधिक असावी. यासाठी त्यांनी दिलेले प्रमाण सोपे आहे : खुर्चीची उंची बसणाऱ्याच्या उंचीच्या किमान एकतृतीयांश आणि मेजाची उंची किमान निम्मी.

हे तीनही घटक परस्परांवर अवलंबून आहेत. मेज जुन्याच उंचीचे आणि सपाट ठेवून केवळ बैठक कलती केली, तर बसणारा उंचावतो, मेज त्याच्यापासून आणखी खाली जाते आणि त्याला पूर्वीपेक्षा अधिक वाकावे लागते. मांडाल यांच्या नावावर पुढे ज्या अनेक खुर्च्या आल्या, त्यांतील पुष्कळांनी या तीन घटकांपैकी एकच उचलला. त्यांच्या अपयशाचा दोष मूळ संकल्पनेला देणे उचित ठरणार नाही.

४. रचनेतील प्रश्न

संकल्पना वस्तूत उतरवताना पहिला प्रश्न बिजागरीच्या जागेचा येतो. बैठकीची खोली ४० सेंटीमीटर धरली आणि बिजागरी मध्यभागी बसवली, तर १५ अंश कलल्यावर पुढची कड सुमारे ५ सेंटीमीटर खाली येते व मागची तितकीच वर जाते. बिजागरी पुढच्या कडेशी असेल, तर पुढची कड जागेवर राहून मागची बाजू १० सेंटीमीटरांहून थोडी अधिक उंचावते. पहिल्या रचनेत पावले जमिनीवर टेकलेली राहतात, पण गुडघे अधिक दुमडतात. दुसऱ्या रचनेत धड वर उचलले जाते आणि मेजाशी असलेले नाते बदलते. त्यामुळे कलाची सोय आणि उंचीची सोय यांचा विचार एकत्रच करावा लागतो. फक्त कल बदलणारी आणि उंची न बदलणारी खुर्ची ही अर्धवट रचना ठरते.

दुसरा प्रश्न घसरण्याचा आहे. बैठकीवर शरीराचा ४५ किलोग्रॅम भार येतो असे मानले, तर ५ अंशांच्या कलावर उताराच्या दिशेने सुमारे ४ किलोग्रॅम, १० अंशांवर सुमारे ८ किलोग्रॅम आणि १५ अंशांवर जवळजवळ १२ किलोग्रॅम भाराइतके बल कार्य करते. हे बल एकतर कापड व बैठक यांच्यातील घर्षणाने पेलावे लागते किंवा पावलांनी. गुळगुळीत सनमायका किंवा रेक्झिन आणि त्यावर कृत्रिम धाग्याचे वस्त्र असा संयोग असेल, तर दिवसभर पायांनी स्वतःला मागे ढकलत राहावे लागते आणि कमरेचा वाचलेला ताण पोटऱ्यांवर व गुडघ्यांवर येतो. बैठक मागच्या भागात सपाट ठेवून केवळ पुढचा भाग उतरता करणे हा यावरचा एक व्यवहार्य तोडगा आहे. त्यात बैठकीची हाडे सपाट भागावर स्थिरावतात आणि मांड्यांना खाली उतरण्यास वाट मिळते.

तिसरा प्रश्न पावलांच्या जागेचा आहे. मांडीमागचे स्नायू खुबा आणि गुडघा हे दोन्ही सांधे ओलांडून जातात. पाय पुढे ताणले की हे स्नायू श्रोणीला मागे ओढतात आणि कंबर पुन्हा सपाट होते. कलत्या बैठकीचा लाभ मिळण्यासाठी पावले गुडघ्यांच्या खाली किंवा किंचित मागे असणे आवश्यक असते. जोडबाकाच्या खाली, बऱ्याच पुढे, पाय ठेवण्यासाठी बसवलेली आडवी पट्टी या दृष्टीने अडचणीचीच ठरते. आराम म्हणून दिलेली ही सोय पाय पुढे ताणायला लावते.

चौथा प्रश्न मापांचा आहे. मांडाल यांचे प्रमाण १५० सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीला लावून पाहिले, तर बैठक ५० सेंटीमीटर आणि मेज ७५ सेंटीमीटर येते. म्हणजे कार्यालयात सर्वत्र आढळणारे मेज तिला चालण्याजोगे आहे, फक्त तिची खुर्ची उंच व उतरती हवी. बैठकीची मागची बाजू ५० सेंटीमीटरवर ठेवून १५ अंशांचा उतार दिला, तर पुढची कड ४० सेंटीमीटरच्या आसपास येते आणि तिची पावले जमिनीला टेकू शकतात. याच नियमाने १७५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाला मात्र ८७ सेंटीमीटरहून उंच मेज लागते. याचा अर्थ असा, की प्रचलित मेज न बदलता या संकल्पनेचा लाभ प्रामुख्याने कमी उंचीच्या व्यक्तींना घेता येईल. भारतीय शरीरमापांचे देबकुमार चक्रवर्ती यांनी संपादित केलेले संकलन राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. असे साधन उपलब्ध असताना युरोपीय मापांच्या खुर्चीची जशीच्या तशी नक्कल करण्याचे समर्थन करता येत नाही.

५. पुराव्याचे मूल्यमापन

मांडाल यांच्या मांडणीचा सर्वांत दुबळा भाग तिच्या निष्कर्षांच्या व्याप्तीत आहे. बैठक कलल्याने बैठकीची ठेवण बदलते, हे बऱ्याच अंशी सिद्ध झाले आहे. आर. एस. ब्रिजर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतरती बैठक व उतरते मेज यांचा एकत्रित परिणाम तपासला आणि धड व मान यांचे वाकणे कमी होते असे दाखवले. परंतु डेन्मार्कमध्येच टॉम बेंडिक्स व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या मोजमापांतून हेही स्पष्ट झाले, की बैठकीच्या कलाचा काही अंशच कमरेपर्यंत पोहोचतो. उरलेला कल खुब्याच्या सांध्यातच जिरतो. १५ अंश कललेल्या बैठकीमुळे कमरेचा बाक १५ अंशांनी सुधारतो, असे समजणे चुकीचे आहे.

ठेवण बदलली म्हणजे दुखणे टळले, ही पुढची पायरी तर आणखी निसरडी आहे. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीतील दाब सुईद्वारे मोजला आणि बसल्यावर तो उभे असतानाच्या दाबापेक्षा अधिक असतो असे सांगितले. बसणे पाठीला घातक आहे, या लोकप्रिय समजुतीला या आकड्यांनी मोठे बळ दिले. मात्र १९९९ मध्ये हान्स-योआखिम विल्के व सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून केलेल्या मोजमापात वेगळे चित्र दिसले. उभे असताना ०.५ मेगापास्कल, सैल बसले असताना ०.४६ आणि प्रयत्नपूर्वक ताठ बसल्यावर ०.५५ असे ते आकडे होते. खुर्चीत मागे रेलून सैलावल्यावर तर दाब ०.२७ पर्यंत उतरला. हा अभ्यास एकाच व्यक्तीवरचा असल्याने त्यावरून नियम बांधता येत नाही. तरीही 'ताठ म्हणजे निरोगी' या समीकरणाला त्याने धक्का दिला, हे नाकारता येणार नाही. हा धक्का काटकोनाच्या आदर्शाला जसा बसतो, तसाच कमरेचा बाक हेच आरोग्याचे एकमेव माप मानणाऱ्या मांडाल यांच्या भूमिकेलाही बसतो.

यान हार्टविग्सन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा कामावर बसून राहणे आणि कंबरदुखी यांच्यात ठोस संबंध आढळत नाही असा त्यांचा निष्कर्ष निघाला. स्वीडनमध्ये स्टीव्हन लिंटन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला अभ्यासही येथे उद्बोधक ठरतो. नव्या रचनेच्या फर्निचरमुळे मुलांच्या तक्रारी कमी झाल्या, पण मुले आपोआप नीट बसू लागली असे घडले नाही. फर्निचर मुलाच्या मापाला जुळवून देणे आणि ते कसे वापरावे हे शिकवणे आवश्यक आहे, असे त्या संशोधकांना म्हणावे लागले. बैठक बदलली की पाठ आपोआप सावरते, हा मांडाल यांचा विश्वास या ठिकाणी अपुरा पडतो.

६. संकल्पनेचे पुढील प्रवास

नॉर्वेत हान्स ख्रिस्तियान मेंग्सहोल यांच्या कल्पनेतून पेटर ओप्स्विक, ओड्विन रिकेन व स्वाइन गुसरुड या रचनाकारांनी १९७९ मध्ये 'बालान्स' प्रकारची आसने पुढे आणली. घसरण्याच्या प्रश्नावर त्यांनी नडग्यांना गादीचा आधार देऊन उत्तर शोधले. बसणारा अर्धवट गुडघे टेकल्यासारखा बसतो आणि बैठक बरीच उतरती असूनही घसरत नाही. परंतु या उत्तराने पायांची मोकळीक हिरावून घेतली. उठबस अवघड झाली आणि नडग्यांवर व गुडघ्यांवर सतत भार आला. साडी नेसलेल्या स्त्रीला किंवा गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला अशा आसनाचा उपयोग किती, हा प्रश्न वेगळा विचारण्याची गरज नाही. ओप्स्विक यांचे पुढील काम मात्र अधिक मोलाचे आहे. एकच आदर्श बैठक शोधण्याऐवजी बसण्याच्या अनेक पद्धतींना वाव देणारे आसन रचण्याकडे ते वळले. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या, बिल स्टम्फ व डॉन चॅडविक यांनी रचलेल्या 'एरॉन' खुर्चीतही पुढे कलण्याची सोय उपलब्ध झाली. मांडाल यांचा विचार अशा रीतीने महागड्या कार्यालयीन खुर्चीतील एक पर्याय म्हणून शिल्लक राहिला. ज्या शाळकरी मुलांना पाहून तो सुचला होता, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र अरुंदच राहिला.

७. जमिनीवरील बैठकीचे शहाणपण

ही संकल्पना मराठी वाचकाला पूर्णतः परकी वाटण्याचे कारण नाही. मांडी घालून सपाट जमिनीवर बसल्यास गुडघे वर राहतात, श्रोणी मागे कलंडते आणि पाठीला पोक येतो. पुण्यातील योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत साधकाला नितंबांखाली घोंगडीची घडी घेऊन बसवले जाते. बैठक उंचावली की गुडघे खुब्यांच्या खाली येतात आणि पाठ वर उचलली जाते. यामागचे तत्त्व आणि मांडाल यांच्या खुर्चीमागचे तत्त्व एकच आहे. घडीची जाडी साधकागणिक बदलते, म्हणजे जुळवून घेण्याची सोयही त्यात आहे आणि तिला तरफ किंवा स्प्रिंग लागत नाही.

पेढीवरच्या मुनीमाचे उतरत्या झाकणाचे डेस्क आणि जुन्या शाळांतील दौतीच्या खाचेचे उतरते लाकडी बाक ही उतरत्या मेजाचीच रूपे होत. उतरता पृष्ठभाग वही डोळ्यांजवळ आणतो आणि मान वाकवण्याची गरज कमी करतो. पुढे बनवायला सोपे आणि रचून ठेवायला सोयीचे म्हणून सपाट पृष्ठभागाचे बाक रूढ होत गेले, तेव्हा हा लाभ फारशी चर्चा न होताच गमावला गेला. तथापि परंपरेचा गौरव करताना अतिरेक टाळावा लागेल. जमिनीवर बसणाऱ्या समाजाचा फायदा एखाद्या विशिष्ट आसनापेक्षा वारंवार आसन बदलण्यात अधिक असावा. मांडी, एक गुडघा वर, उकिडवे, पाय लांब अशा अनेक पद्धतींमध्ये माणूस सहज फिरत राहतो. जोडबाकावर बसवलेल्या मुलाला ही मुभा राहत नाही.

८. कलण्याची दिशा

कलणारी खुर्ची आपल्या कार्यालयांना नवीन नाही. साहेबाची फिरती खुर्ची पूर्वीपासून कलते, पण ती मागे कलते. मागे रेलणे हे विश्रांतीचे, ऐकण्याचे आणि निर्णय देण्याचे आसन आहे. लिहिणारा कारकून, परीक्षा देणारा विद्यार्थी, शिलाई यंत्रावरचा कारागीर आणि घड्याळे दुरुस्त करणारा यांचे काम पुढे असते, म्हणून त्यांची शरीरे पुढे झुकतात. त्यांच्या वाट्याला मात्र स्थिर स्टूल किंवा बाक येते. कलण्याची यंत्रणा ज्यांच्यासाठी विकसित झाली, त्यांना पुढे वाकून काम करावे लागत नव्हते आणि ज्यांना ते करावे लागत होते, त्यांच्या आसनावर खर्च झाला नाही. मांडाल यांच्या संकल्पनेचे खरे महत्त्व या उलटापालटीत आहे. पुढे झुकून काम करणाऱ्याचे आसन हा रचनेचा स्वतंत्र विषय आहे, हे त्यांनी मान्य करायला लावले.

येथेच 'जुळवून घेता येणारी' या विशेषणाचीही तपासणी करावी लागते. कल बदलण्याची मूठ खुर्चीखाली असली म्हणजे बसणारा ती वापरेलच असे नाही. एकाच बाकावर वर्षभरात निरनिराळ्या उंचीची मुले बसतात, तेथे प्रत्येक वेळी मळसूत्र फिरवण्याची अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. सार्वजनिक वापरासाठी शरीराच्या हालचालीबरोबर आपोआप पुढेमागे कलणारी किंवा पुढचा भाग कायम उतरता असलेली साधी बैठक अधिक उपयुक्त ठरेल. स्थानिक सुताराला दुरुस्त करता येईल अशी रचना असणे हीदेखील गुणवत्तेची एक कसोटी मानली पाहिजे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) बैठकीतील पोक हा मुख्यतः काटकोनी आसन आणि सपाट मेज यांचा परिणाम आहे, हे मांडाल यांचे निदान शरीररचनेच्या दृष्टीने ग्राह्य आहे.

(२) कलत्या बैठकीमुळे कंबरदुखी टळते, हा दावा मात्र उपलब्ध पुराव्याने सिद्ध होत नाही. या आसनाचे समर्थन रोगप्रतिबंधाच्या आश्वासनावर न करता काम करताना मिळणाऱ्या सोयीच्या आधारे करणे अधिक प्रामाणिक ठरेल.

(३) कल, उंची, मेजाचा उतार आणि पावलांची जागा या चार गोष्टी एकत्र साधल्या नाहीत तर कलती बैठक निरुपयोगी किंवा त्रासदायक ठरते.

(४) मध्यम कल आणि वारंवार आसन बदलण्याची मुभा यांचा मेळ घालणारी रचना १५ अंशांच्या स्थिर उतारापेक्षा श्रेयस्कर आहे.

(५) शालेय बाकांच्या बाबतीत पहिली सुधारणा उतरत्या मेजाच्या पुनरुज्जीवनाची असावी. ती कमी खर्चाची आहे आणि तिच्यासाठी कोणतीही यंत्रणा लागत नाही.

मांडाल यांनी दिलेले उत्तर अपुरे असले, तरी त्यांनी प्रश्नाचा रोख बदलला, हे त्यांचे श्रेय कायम राहते. मूल वाकून का बसते, असे विचारण्याआधी ते कशावर बसले आहे हे पाहण्याची सवय शाळांना, फर्निचर खरेदी करणाऱ्या संस्थांना आणि रचनाकारांना लागणे ही त्यांच्या कार्याची खरी फलश्रुती ठरेल.